ज्वर, पथ्य आणि पहारा : महाराष्ट्रातील घरगुती शुश्रूषेचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास बहुधा ग्रंथ, वैद्य, रुग्णालये आणि औषधे यांच्या आधारे लिहिला जातो; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात तापाने आजारी पडणाऱ्या बहुतेक मुलांची शुश्रूषा घरातच होत असल्यामुळे, त्या मुलांच्या बऱ्या होण्याचा किंवा दगावण्याचा इतिहास प्रामुख्याने माजघरात आणि स्वयंपाकघरात घडला आहे. या शुश्रूषेची तीन अंगे दीर्घकाळ टिकून राहिली : रुग्णाला काय खाऊ-पिऊ घालावे हे ठरवणारे पथ्य, अंगाचा दाह कमी करणारे उपचार आणि रात्रंदिवस ठेवलेला पहारा. काळाच्या ओघात या तिन्ही अंगांची कारणमीमांसा बदलली, काही समजुती गळून पडल्या, काहींना नवा आधार मिळाला. मात्र सर्वांत उशिरा आणि सर्वांत जास्त किंमत मोजून समाज जे शिकला, ते म्हणजे घरची शुश्रूषा कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी ठरते याचे भान होय.

मोठ्या मुलाचा, म्हणजे साधारणपणे पाच ते चौदा वर्षांच्या मुलाचा ताप हा तान्ह्या बाळाच्या तापापेक्षा वेगळा मानावा लागतो, हे प्राचीन ग्रंथकारांनीही ओळखले होते. सुश्रुतसंहितेत बालकांचे तीन वर्ग केलेले आहेत : केवळ दुधावर असलेला तो क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारा तो क्षीरान्नाद आणि अन्न खाणारा तो अन्नाद. क्षीरपासाठी औषध दूध पाजणाऱ्या स्त्रीने घ्यावे, क्षीरान्नादासाठी तिला आणि मुलाला दोघांनाही द्यावे, तर अन्नादाला ते थेट द्यावे, असा या वर्गीकरणाचा व्यावहारिक अर्थ होता. मोठे मूल स्वतः औषध घेते, पथ्याला विरोध करते आणि मुख्य म्हणजे आपल्याला कोठे काय होते हे सांगू शकते. त्यामुळे त्याची शुश्रूषा करणाऱ्याला शरीराच्या खुणांबरोबर शब्दांचाही आधार मिळतो.

आयुर्वेदात ज्वराला रोगांमध्ये अग्रस्थान आहे. चरकसंहितेचे निदानस्थान ज्वरापासून सुरू होते आणि माधवनिदानातही रोगपरीक्षेची साधने सांगून झाल्यावर पहिला विचार ज्वराचाच येतो. नव्या तापात लंघन, म्हणजे अन्न वर्ज्य करणे किंवा अत्यंत हलके घेणे, हा या परंपरेतील प्रमुख उपचार होता. मात्र बालकांना आणि दुर्बलांना मोठ्या माणसांप्रमाणे उपाशी ठेवू नये, असाही इशारा तिने दिलेला आहे. तहान भागवण्यासाठी नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधबाला आणि सुंठ या सहा द्रव्यांनी सिद्ध केलेले षडंगपानीय सांगितले आहे, आणि ताप उतरू लागल्यावर मंड, पेया, विलेपी व यूष अशा क्रमाने, म्हणजे भाताच्या निवळीपासून दाट पेजेकडे आणि पुढे कडधान्याच्या कढणाकडे, आहार वाढवण्याचा नियम घालून दिला आहे. साळीच्या लाह्यांचे पाणी, मिठाची पेज, मऊ भात आणि मेतकूट असा जो क्रम मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो या शास्त्रीय क्रमाचेच घरगुती रूप आहे. गोव्यात 1563 साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही पटकीच्या संदर्भात मिरी व जिरे घातलेल्या भाताच्या पाण्याचा उल्लेख येतो. आजाऱ्याला पेज देण्याची रीत या किनाऱ्यावर किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. पाणी, थोडे मीठ आणि सहज पचणारा स्टार्च यांचे हे मिश्रण घामाने आणि उलट्यांनी शुष्क झालेल्या मुलाला उपयोगी पडत होते, याची शरीरशास्त्रीय कारणे पुढे फार उशिरा उलगडली.

पहाऱ्याचे महत्त्व तापांच्या नावांतूनच प्रकट होते. दिवसाआड येणाऱ्या तापाला लोकभाषेत एकांतरा म्हणत आणि ग्रंथांत त्याचे नाव तृतीयक असे होते. मध्ये दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थिक. ठरावीक काळ सतत राहून मगच उतरणारा तो मुदतीचा ताप. आणि थर्मामीटर नसतानाही हाताला जाणवणारी बारीक उष्णता म्हणजे अंगातील कसर. हिवतापाचे जंतू तांबड्या रक्तपेशी फोडून बाहेर पडण्याचे चक्र काही प्रकारांत 48 तासांचे, तर एका प्रकारात 72 तासांचे असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. परंतु त्या चक्राच्या वेळा आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांना त्याआधी कितीतरी शतके ठाऊक होत्या. हे ज्ञान मोजमापाच्या साधनांतून आलेले नसून सातत्याने लक्ष ठेवण्यातून आलेले होते, आणि म्हणूनच त्याला निरीक्षणशास्त्र म्हणणे योग्य ठरते.

अंगावर पुरळ उठणाऱ्या तापांच्या बाबतीत या शुश्रूषेला धार्मिक विधींचे रूप आलेले होते. देवी हा रोग शीतळादेवीचे आगमन मानला जाई. मुलाला वेगळ्या जागी निजवून दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधणे, घरात फोडणी न देणे, परक्यांची ये-जा थांबवणे आणि कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालणे असे आचार पाळले जात, आणि गोवर व कांजिण्यांच्या वेळीही त्यांतील बरेचसे आचार चालत. या आचारांतून रुग्णाला विश्रांती मिळे आणि त्याचे काही प्रमाणात विलगीकरणही साधे. परंतु रोगाला देवीचा कोप किंवा कृपा मानल्यामुळे प्रतिबंधाचा विचार मागे पडत असे, हेही तितकेच खरे आहे. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि भारतातील लसीकरणाला आरंभ झाला. 1877 च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. आणि पुढे शंभर वर्षांनी, 1977 मध्ये, भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. ज्या रोगापुढे घरच्या शुश्रूषेला केवळ वाट पाहणे शक्य होते, तो रोग घराबाहेरच्या सार्वजनिक व्यवस्थेने नाहीसा केला.

हिवतापाच्या बाबतीत घराला एक खरे औषध हाती आले. सिंकोना झाडाच्या सालीतून 1820 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी क्विनाइन वेगळे केले, 1860 च्या दशकात निलगिरी पर्वतात सिंकोनाची लागवड झाली, आणि मराठीत कोयनेल या नावाने ओळखले जाणारे हे औषध हळूहळू घरोघरी पोहोचले. गुळवेल, काडेकिराईत आणि कोकणात सातविणीची साल यांच्या कडू काढ्यांची सवय असलेल्या घरांना कोयनेलचा कडवटपणा अपरिचित नव्हता. कडू ते तापावर गुणकारी ही समजूत त्याला अनुकूलच ठरली. परंतु ताप पुन्हा पुन्हा येण्याचे मूळ घरात किंवा आहारात नसून साचलेल्या पाण्यात आहे, हे 1897 मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू दाखवल्यानंतर सिद्ध झाले, आणि 1911 मधील बेंटली यांच्या अहवालाने मुंबईतील विहिरींवर बोट ठेवले. ज्या विहिरीचे पाणी तापलेल्या मुलाला पाजले जाई, त्याच विहिरीत त्याच्या आजाराचा वाहक वाढत असे, हे स्वीकारणे अनेक कुटुंबांना जड गेले असल्यास नवल नाही.

घर आणि सरकारी वैद्यक यांच्या संबंधातील सर्वांत कठीण काळ 1896 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगने आणला. मांडवी भागातील रुग्णांवरून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले, 1897 मध्ये साथरोग कायदा झाला, आणि रेल्वे प्रवाशांच्या तपासणीपासून घरझडतीपर्यंत कठोर उपाय योजले गेले. पुण्यात सैनिक घरांत शिरून आजारी माणसे शोधू लागले, तेव्हा ताप आलेले मूल ही शुश्रूषेची नव्हे, तर लपवण्याची बाब झाली; कारण ताप उघड होणे म्हणजे मुलाची ताटातूट होणे, असा लोकांचा अनुभव होता. याच काळात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ सुरू केलेल्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, मुंढव्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. बळजबरीने मूल नेणारी व्यवस्था आणि आपुलकीने मूल उचलून नेणारी व्यक्ती, या दोहोंमधील फरकावर लोकांचा रुग्णालयावरील विश्वास अवलंबून होता, ही बाब पुढील सर्व आरोग्यकार्यासाठी महत्त्वाची ठरते.

विसाव्या शतकात या पहाऱ्याला अंकांची जोड मिळाली. लाइपझिग येथील कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे 25,000 रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ 1868 मध्ये प्रसिद्ध केला आणि तापाचा आलेख हे निदानाचे साधन बनवले. त्याच सुमारास इंग्लंडमधील टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सुमारे सहा इंच लांबीचा, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर तयार केला, आणि त्यामुळे हे उपकरण रुग्णशय्येजवळ सहज वापरता येऊ लागले. मध्यमवर्गीय मराठी घरांत तो फॅरनहाइटच्या आकड्यांसह आला आणि सकाळ-संध्याकाळचा ताप कागदावर टिपून डॉक्टरांना दाखवण्याची पद्धत रुजली. शुश्रूषा हे शिकण्याजोगे शास्त्र आहे, ही जाणीवही याच काळात वाढली. 1909 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, आणि 1929 मध्ये मुंबईत खास मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभे राहिले.

तरीही घरच्या शुश्रूषेची खरी कसोटी मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉइडमध्ये, लागत असे. साधारणपणे तीन ते चार आठवडे चालणाऱ्या या आजारावर विशिष्ट औषध नसल्याने सारी भिस्त घरच्या माणसांवर होती. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याची किंवा रक्तस्रावाची भीती असल्यामुळे घन अन्न कटाक्षाने टाळले जाई आणि पथ्य मोडल्यास ताप उलटतो, अशी ठाम समजूत होती. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या किंवा कोलन वॉटरच्या पट्ट्या, डोक्यावर बर्फाची पिशवी, वेळोवेळी अंग पुसणे, कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, तोंड स्वच्छ ठेवणे आणि वातात बडबडणाऱ्या मुलाजवळ पाळीपाळीने जागणे, ही कामे आठवडेच्या आठवडे आई, आजी, आत्या आणि थोरल्या बहिणी करीत. या श्रमांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. परंतु क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा गुण 1948 मध्ये मलायातील रुग्णांवर दिसून येईपर्यंत जी मुले या तापातून उठली, त्यांच्या जगण्यात या अनामिक जागरणांचा वाटा मोठा होता, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

प्रतिजैविके आणि तापशामक औषधे आल्यानंतर घराच्या कामाचे स्वरूप बदलले. 1899 पासून बाजारात असलेले ॲस्पिरिन मुलांच्या तापातही दिले जाई; परंतु 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातील डग्लस राय यांनी वर्णन केलेल्या, यकृत व मेंदूवर आघात करणाऱ्या विकाराशी त्याचा संबंध दिसून आल्यावर 1980 च्या दशकापासून मुलांच्या तापात ते टाळले जाऊ लागले. त्याची जागा पॅरासिटामॉलने घेतली आणि ते मुलाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते. निमेसुलाइड हे औषध 2011 मध्ये भारत सरकारने बारा वर्षांखालील मुलांसाठी वर्ज्य ठरवले. दरम्यान ताप म्हणजे शरीराने संसर्गाविरुद्ध उभारलेला प्रतिकार आहे आणि आकडा खाली आणण्यापेक्षा मुलाला आराम मिळणे महत्त्वाचे आहे, हा विचार बालरोगशास्त्रात स्थिरावला. त्यामुळे बर्फाचे किंवा अतिथंड पाण्याचे उपचार मागे पडले, कारण त्यांनी हुडहुडी भरून मूल अधिकच बेचैन होते. दीर्घ लंघनाचा आग्रहही सुटला. मात्र पाणी, पेज आणि सरबत यांचे स्थान अबाधित राहिले.

पहाऱ्याची गरज तर डेंग्यूच्या काळात अधिकच वाढली आहे. ताप उतरला की धोका टळला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या रोगात फसवा ठरतो, कारण साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरू लागतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून मुलाची प्रकृती खालावू शकते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, तसेच कोणत्याही तापात मान ताठरणे, आकडी, धाप, असंबद्ध बोलणे किंवा जागे करूनही नीट जाग न येणे, ही लक्षणे दिसताच घरचे उपचार थांबवून रुग्णालय गाठणे आवश्यक असते. मोठे मूल स्वतः यांतील बरेच काही सांगू शकते, म्हणून त्याला वारंवार विचारणे आणि त्याचे उत्तर गांभीर्याने घेणे हा शुश्रूषेचा अविभाज्य भाग ठरतो.

या साऱ्या प्रवासातून घर आणि रुग्णालय हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत, असा निष्कर्ष निघतो. देवीचे उच्चाटन, हिवतापाचे नियंत्रण आणि टायफॉइडवरील औषध ही कामे घराच्या आवाक्याबाहेरची होती. परंतु तापाची चढ-उतार ओळखणे, वेळेवर पाणी पाजणे आणि बिघाडाची पहिली खूण टिपणे हे काम आजही घरातील जागे माणूसच करते. त्या माणसाला योग्य माहिती, हाकेच्या अंतरावरचा दवाखाना आणि मूल हिरावले जाणार नाही ही खात्री मिळाली, तरच त्याचा पहारा सार्थकी लागतो. ही तिन्ही साधने प्रत्येक पाड्यावर आणि वस्तीत पोहोचवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.