पाळणाघराचा खर्च कोणी सोसावा?

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. ते तिथेच का थांबले, त्याचाच हा इतिहास आहे.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी हजारो बायका काम करीत. मागे घरी तान्हे मूल निजून राहावे म्हणून कित्येक आया त्याला अफूची बाळागोळी देत. त्यांना माया नव्हती असे नाही. सांभाळायला माणूस ठेवणे परवडत नसे.

पुढे 1948 साली कारखाना कायदा झाला. पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी मालकाने पाळणाघर ठेवावे, असे ठरले. 1976 साली ही अट तीसाहून अधिक स्त्रियांवर आली. कायदा चांगलाच होता. पण मोजायच्या त्या फक्त बायका! जणू बाप्यांना मुलेच नसतात. मग बायकाच कमी ठेवाव्यात, असा हिशेब मालकाच्या मनात आला तर नवल काय?

माझी आई एका कारखान्यात डबे भरण्याच्या कामावर होती. तिथे बायकांचा आकडा कधी तीसच्या वर जाऊ दिला नाही. 1994 साली धाकटा भाऊ झाला, तेव्हा मी सातवीची परीक्षा दिली होती. आई म्हणाली, "एक वर्ष घरी राहा, मग जा शाळेत." ते वर्ष काही संपले नाही. मालकाने वाचवलेला खर्च मी भरला. आईला मी बोल लावीत नाही. तिच्या पगारावर पाच पाने वाढली जात.

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. आता पुरुष व स्त्रिया मिळून पन्नास माणसे कामावर असली की पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येते. मूल एकट्या आईचे नव्हे, हे कायद्याला समजायला एवढी वर्षे लागली.

पण धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाईला कुठला कारखाना आणि कुठला मालक? आपल्याच आळीत धाकट्या भावंडापायी शाळा बुडवणाऱ्या मुली आहेत. मंडळाची खोली दुपारपर्यंत रिकामी असते. तिथे पाळणाघर काढावे. आईबापांनी ऐपतीप्रमाणे द्यावे, उरलेले आपण वर्गणीतून घालावे. ज्यांची मुले मोठी झाली, त्यांनीही द्यावे. माझा हप्ता मी पहिला देते.