तळटीप १७ : ‘मद्रासची पळापळ’

१७. मद्रासची पळापळ : एप्रिल १९४२ मधील. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर जपानी बॉम्ब पडले, आणि आता शत्रू किनाऱ्यावर उतरणार या धास्तीने मद्रासकरांनी शहर सोडले. सरकारी कचेऱ्या किनाऱ्यापासून आत हलल्या; पिंजरे फुटून श्वापदे मोकाट सुटतील म्हणून प्राणिसंग्रहालयातील हिंस्र जनावरांना गोळ्या घातल्या गेल्या. तिकडे बंगालच्या किनारपट्टीतही याच धास्तीने दहाहून अधिक माणसे मावतील अशा होड्या शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने जप्त केल्या किंवा मोडल्या. जपानी आलेच नाहीत, पोट मात्र कोळ्यांचे मारले गेले.