#थ्रेड : धुक्यासाठी राजीनामा, ढगांत अखेर

९ जानेवारी १९९३. वैमानिकांच्या संपामुळे इंडियन एअरलाइन्सने उझबेकिस्तानकडून भाड्याने घेतलेले टीयू-१५४ विमान हैदराबादहून दिल्लीस येत होते. दिल्लीवर दाट धुके होते. उतरताना विमान भरकटले, उलटले आणि पेटले. आतील सर्व १६५ जण वाचले. तरीही नैतिक जबाबदारी स्वीकारून नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राजीनामा दिला.

ते मंत्री म्हणजे माधवराव शिंदे. साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या पाटीलकीतून ग्वाल्हेरच्या गादीवर गेलेल्या घराण्याचे वंशज. वऱ्हाडालाही हे घराणे परके नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावी दौलतराव शिंद्यांचे घोडदळ नागपूरकर भोसल्यांच्या सैन्यासह वेलस्लीविरुद्ध लढले आणि हरले.

राजीनाम्यानंतर पावणेनऊ वर्षांनी, ३० सप्टेंबर २००१ रोजी, माधवराव कानपूरच्या सभेसाठी दिल्लीहून निघाले. विमान खासगी होते : दोन इंजिनांचे, लहानसे बीचक्राफ्ट किंग एअर. वाटेत हवामान बिघडले. उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात भोगावजवळच्या शेतात ते कोसळले. माधवराव, त्यांचे सचिव, माध्यमांचे चार प्रतिनिधी व दोन वैमानिक, असे आठही जण दगावले.

ढग लहान विमानाचा घात कसा करतात, याचा एक प्रयोग १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत ठेवले. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत.

क्षितिज दिसेनासे झाले की तोल सांगणारा आपला अंतर्कर्ण फसतो. विमान हळूहळू एका बाजूस कलत असता शरीराला ते सरळच वाटते. उंची घटते आहे हे ध्यानात येताच वैमानिक नाक वर ओढतो आणि विमान अधिकच घट्ट गिरकीत खाली जाते. त्याच संशोधकांनी मग एक साधा उपाय शिकविला : उपकरणांकडे पाहत सावकाश अर्धे वर्तुळ घ्यावे आणि आल्या वाटेने परतावे. बहुतेकांना ते जमले.

माधवरावांच्या विमानात दोन वैमानिक होते आणि उपकरणेही होती. तेथे नेमके हेच घडले असे म्हणता येणार नाही. पण 'परतावे' हा शब्द उच्चारणे सभेच्या दिवशी किती अवघड असेल! मंडप उभा असतो, माणसे जमलेली असतात, आणि मागच्या आसनावर देशातील एक बडा नेता घड्याळ पाहत असतो. पाचच महिन्यांनी, ३ मार्च २००२ रोजी, लोकसभा अध्यक्ष बालयोगी आंध्रात हेलिकॉप्टर अपघातात गेले. दृश्यमानता कमी होती. २ सप्टेंबर २००९ रोजी मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी नल्लमल्लाच्या डोंगरात, तेही भर पावसाळ्यात.

मोठ्या विमानाच्या अपघाताचा जाब संसदेत विचारला जातो, मंत्री पायउतार होतो. लहान विमानाच्या वाट्याला बहुधा शोकसभा येते.

वऱ्हाडाचा विमानाशी संबंध दीर्घकाळ लहान विमानांपुरताच होता. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली; तिची लांबी जेमतेम १४०० मीटर. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची नियमित सेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ रोजी. तेथेच वर्षाला १८० वैमानिक घडविणारी प्रशिक्षण संस्था योजलेली आहे, आणि तिची बहुतेक विमाने एका इंजिनाची.

बेलोऱ्याच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर आहेत. श्रावणात त्यांचे माथे दिवसचे दिवस ढगांत असतात, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारा मोटारचालकही तेथे भर दुपारी दिवे लावतो.