पेशींचे अन्न आणि औषधांवरील विश्वास

औषधांचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव देतो, रोगाचे वर्णन करतो, बरे झालेल्यांची संख्याही सांगतो; परंतु ज्या पात्रात ते औषध सिद्ध झाले त्या पात्रात काय ओतले होते, ह्याची नोंद सहसा होत नाही. आजची कित्येक मोलाची औषधे सस्तन प्राण्यांच्या जिवंत पेशींकडून करवून घेतली जातात. ह्या पेशींना वाढविणारा जो पोषक द्रव, त्यास संवर्धन-माध्यम म्हणतात. ह्या माध्यमाचा इतिहास म्हणजे अज्ञात अन्नाकडून ज्ञात अन्नाकडे झालेली वाटचाल होय. आणि तिच्या आरंभीचा एक बोधप्रद अध्याय मुंबईत घडला.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन तेथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना वाढवावयाचे होते ते प्लेगचे जंतू, प्राण्यांच्या पेशी नव्हेत. तथापि काय खाऊ घालावे हा प्रश्न तोच होता. गोमांसाचा अर्क हिंदूंस निषिद्ध, डुकराचा मुसलमानांस. म्हणून हाफकिनांनी बोकडाचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून त्याचा रस्सा वापरला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत आणि त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. माध्यमाची निवड केवळ रसायनाची नसते, लस घेणाऱ्याच्या विश्वासाचीही असते, हे येथे प्रथमच इतके स्पष्ट झाले.

तो विश्वास किती नाजूक असतो, तेही लवकरच दिसले. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. लस करण्याच्या पद्धतीत हाफकिनांनी बदल करून कार्बॉलिक आम्ल वगळले होते. दोष त्यावर ठेवण्यात आला. त्यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. कृतीतील लहानसा बदलही आधी पुराव्याने सिद्ध करावा लागतो, हा धडा औषधनिर्मितीस आजही लागू आहे.

त्याच १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन ह्यांनी बेडकाच्या लसिकेच्या थेंबात मज्जातंतू वाढताना पाहिला, आणि देहाबाहेर पेशी जगविण्याचे शास्त्र जन्मास आले. पुढे रक्तजल, म्हणजे सीरम, आणि भ्रूणाचा अर्क ह्यांवर पेशी पोसल्या जाऊ लागल्या. त्या जगत, पण कशामुळे जगत, हे कोणास सांगता येत नसे. हॅरी ईगल ह्यांनी १९५५ साली एकेक द्रव्य वगळून पाहिले आणि सस्तन पेशींस तेरा अमिनो आम्ले अत्यावश्यक असल्याचे दाखविले. तरीही थोडे सीरम त्यांनाही घालावेच लागे.

ही विद्या आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय मुख्यतः पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांस द्यावे लागेल. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेऊन त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

पेशींकडून औषध करवून घेण्याचा उद्योग १९८० नंतर वाढीस लागला. चिनी हॅम्स्टर ह्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशींपासून केलेल्या, रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधास १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. सीरमचे दोष आता उद्योगास जाचू लागले : दर खेपेस त्याचा गुण निराळा, त्यातील प्रथिने औषधापासून वेगळी करणे कष्टाचे, आणि विषाणूंची भीती कायमची. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा मेंदूरोग ओळखला गेला आणि पुढे ही भीती बळावली. गाय आणि डुकरापासूनची द्रव्ये टाळण्याचा हाफकिनांचा मार्ग लोकांच्या श्रद्धेतून निघाला होता. नव्या उद्योगाने प्राणिजन्य द्रव्ये टाळण्याचा मार्ग सुरक्षिततेसाठी धरला.

अन्न सुधारणे म्हणजे अन्न वाढविणे नव्हे. साखर फार झाली की पेशी लॅक्टिक आम्ल सोडतात. ग्लुटामिन फार झाले की अमोनिया साचतो. म्हणून पोषण बेताबेताने घालावे लागते. मँगॅनीजसारख्या धातूचे अल्प प्रमाण बदलले तरी औषधाच्या रेणूवरील शर्करासाखळ्या बदलू शकतात. अशा काटेकोरपणामुळे, तसेच उत्तम पेशी निवडल्यामुळे, लिटरमागे काही मिलिग्रॅम मिळणारे प्रथिन आज काही ग्रॅमपर्यंत मिळते.

बासरच्या सरस्वतीपुढे मुलांस अक्षरओळख करून देण्यासाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांस ही गोष्ट दूरदेशीची वाटू नये. त्याच लोहमार्गाने पुढे गेल्यास जे हैदराबाद लागते, तेथील डॉ. रेड्डीज ह्या संस्थेने लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅब हे औषध २००७ साली देशात आणले; तेही अशाच पेशींच्या पोटी जन्मते.

एक चिंता मात्र उरते. ईगल ह्यांनी आपली कृती जगापुढे छापून ठेवली. ती कोणीही तपासावी, सुधारावी. आज मोठ्या उद्योगांस विकली जाणारी कित्येक तयार माध्यमे गुप्त कृतीची असतात आणि लहान उत्पादकास डबा उघडून आतले चूर्ण न ओळखताच वापरावे लागते. निसर्गाने झाकून ठेवलेले शास्त्राने कष्टाने उघडे केले, ते व्यापाराने पुन्हा झाकले. परावलंबन टाळावयाचे असेल, तर औषधाबरोबर पेशींचे अन्नही आपणांस स्वतः सिद्ध करता आले पाहिजे.