हातीं आलेलीं पहिलीं पानें

पोकर हा पणाचा खेळ. पण त्याच्या इतिहासांत पण लावण्यापेक्षां न लावण्याची कथाच अधिक मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा खेळ मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून पसरला, तेव्हां त्यांत एक्क्यापासून दश्शीपर्यंत अवघीं 20 पानें असत. चौघांना पांच-पांच वांटलीं कीं पानें संपलीं. बदलून घ्यावयास एकही उरत नसे. शंभरांतील सुमारें 93 हातांत निदान एक जोडी येई. असा हात टाकून द्यावा, हें नवशिक्याच्या मनांत तरी कसें यावें?

पुढें 52 पानें आलीं, पानें बदलण्याची सोय झाली, आणि गणितच पालटलें. पहिल्या वांटणींत जोडी जेमतेम निम्म्या हातांत मिळूं लागली. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर (1861-65) एक नियम रूढ झाला: ज्याच्या हातीं निदान गुलामांची जोडी नसेल, त्यानें पहिला पण लावूंच नये. कोणालाच तो लावतां आला नाहीं तर मधली रक्कम पुढच्या डावांत राही व फुगत जाई. इंग्रजींतील 'जॅकपॉट' हा शब्द या गुलामाचीच देणगी होय. संयम हा तेथें खेळाडूचा गुण नव्हता. तो कायदा होता.

टेक्सास होल्डेम या प्रकारांत असा कायदा नाहीं. प्रत्येकाला दोनच पानें गुप्त मिळतात. पांच पानें सर्वांसाठीं मध्यें उघडतात. दोन पानांचे 1,326 मेळ संभवतात. सारख्या किमतीचे एकत्र धरले तर 169 प्रकार होतात. दोन एक्के सरासरी 221 वांटण्यांत एकदां येतात, आणि समोरचे नऊहि जण अखेरपर्यंत टिकले तर तेहि तिसऱ्या हिश्शाहून कमी वेळां जिंकतात! म्हणून नवशिक्यानें मोठ्या जोड्या, एक्का-राजा यांसारखीं पानें खेळावींत, बाकीचीं बहुतेक निमूटपणें टाकावींत. आणि ज्याची पाळी आधीं येते त्यानें अधिकच काटेकोर असावें, कारण त्याच्यामागें बोलणारे पुष्कळ उरलेले असतात. 1976 सालीं डेव्हिड स्क्लान्स्की यानें एका पुस्तकांत या पानांचे प्रतीप्रमाणें गट पाडून दिले.

त्याच वर्षीं लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेचा अखेरचा डाव डॉयल ब्रन्सन यानें जिंकला, तो दश्शी आणि दुर्री घेऊन. 1977 सालीं पुन्हां तसेंच घडलें. दोन्ही वेळां शेवटचें उघडलेलें पान दश्शीच होतें. दोघेच खेळाडू उरले असतां हलकीं पानेंहि चालतात, हें खरें. त्या मेळाला आज ब्रन्सनचेंच नांव आहे. स्क्लान्स्कीच्या गटांत मात्र त्याला जागा नाहीं.