चर्चिल, ‘गेस्टापो’ आणि १९४५ची निवडणूक

१/ युरोपातील युद्ध संपून महिनाही लोटला नव्हता. ४ जून १९४५ रोजी विन्स्टन चर्चिल यांनी बीबीसीवरून प्रचाराचे पहिले भाषण केले.

२/ समाजवाद राबवायचा तर मजूर पक्षाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे ‘गेस्टापो’ उभारावेच लागेल, असा इशारा त्यांनी दिला. गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस.

३/ हा आरोप ज्यांच्यावर झाला, ते ॲटली, बेव्हिन आणि मॉरिसन मे महिन्यापर्यंत चर्चिल यांच्याच मंत्रिमंडळात होते. ॲटली तर उपपंतप्रधान होते. परक्या माणसाविषयी भय निर्माण करणे सोपे असते. या मंडळींचा युद्धकाळातील कारभार मात्र लोकांनी स्वतः पाहिला होता.

४/ ॲटलींनी दुसऱ्याच दिवशी शांतपणे उत्तर दिले. युद्धकाळातील राष्ट्रनेता आणि हुजूर पक्षाचा पुढारी यांतील अंतर दाखवून दिल्याबद्दल त्यांनी चर्चिल यांचे आभारच मानले.

५/ पराभवास केवळ हे भाषण कारणीभूत नव्हते. १९३०च्या दशकातील बेकारीची आठवण ताजी होती, घरांची टंचाई होती आणि १९४२च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक सुरक्षेची आशा जागवली होती. या प्रश्नांवर उत्तर शोधणाऱ्या मतदाराला त्या रात्री ऐकावा लागला तो भयाचा इशारा.

६/ ५ जुलैला मतदान झाले. परदेशी असलेल्या सैनिकांची मते यायची असल्याने निकाल २६ जुलैला लागला. ६४०पैकी ३९३ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. युद्ध जिंकून देणाऱ्या नेत्याविषयी कृतज्ञता बाळगूनही शांतताकाळाची सत्ता जनतेने दुसऱ्यांच्या हाती सोपवली.