परळच्या वर्कशॉपातला कुली

जुनी इंजिनं जपायची हौस आता जोरात आहे. मुंबईला सीएसएमटीजवळ ‘सर लेस्ली विल्सन’ हे १९२८ सालचं विजेचं इंजिन रंग देऊन उभं केलंय. लोक फोटो काढतात. काढोत बापडे. पण अशी इंजिनं ज्यांनी खोलली, पुसली, परत जुळवली त्यांच्या नावाची पाटी कुठाय?

जी. आय. पी. रेल्वेची पहिली गाडी १८५३ ला सुटली. तिचा दुरुस्तीचा कारखाना आधी भायखळ्याला, मग १८७९ मध्ये परळला आला. डब्यांसाठी माटुंग्याचा कारखाना १९१५ मधला. वाफेचं इंजिन म्हणजे सदा आजारी जनावर. बॉयलरच्या नळ्यांवर बाहेरून पाण्यातल्या क्षाराचा थर बसायचा, नळ्या गळायच्या, चाकं झिजायची. म्हणून एकाच आवारात लोहारकाम, ढलाई, बॉयलर, मशिनशॉप अशी खाती. भोंगा झाला की चाळींतून माणसांचा लोंढा फाटकाकडे.

आणि त्या फाटकातून गावाची उतरंडही आत शिरली होती.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, एवढंच आपण त्या भाषणातलं पाठ करतो. पण त्यातला तपशील वाचा राव! बाबासाहेब सांगतात: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि मास्तरला विटाळ! वर्कशॉपात मशिनवर तो क्वचित, मिस्त्री त्याहून क्वचित, फोरमन जवळजवळ नाहीच. कुली म्हणून आत गेला, कुली म्हणूनच राहिला. मार्क्सचं पुस्तक हातात घेऊन ‘कामगार सगळे एक’ म्हणणाऱ्यांना हे हजेरीबुक कधी वाचता आलं नाही. बाबासाहेबांनी वाचलं. परळच्याच बी. आय. टी. चाळीत १९१२ पासून वीसेक वर्षं ते राहिले होते.

ही वाट पुढं कोर्टात गेली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रंगाचारी खटल्यात रेल्वेच्या बढतीतलं आरक्षण उचलून धरलं. म्हणजे कुलीच्या पोराला चार्जमनच्या खुर्चीवर कायद्यानं हक्क मिळाला. पण खुर्ची राहिली पाहिजे ना!

१९७२ मध्ये चित्तरंजनला वाफेची इंजिनं बनायची थांबली. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत ती रुळावरूनही गेली. विजेच्या इंजिनाला ना बॉयलर, ना त्याच्या नळ्या. माणसं कमी लागायला लागली, काही कामं ठेक्यावर गेली. ठेकेदाराकडं कसलं रोस्टर? वर परळची जमीन सोन्याच्या भावाची. वर्कशॉपच्या जागेवर टर्मिनस करायचा बेत निघाला, २०२० च्या आसपास कामगार त्याविरुद्ध उभे राहिले. परळला टर्मिनस नकोच असं मी म्हणत नाही, लोकलला लोंबकळणारेही आपलेच आहेत. पण कारखाना हलतो तेव्हा खुर्च्या मोजून हलतात का, हे विचारायला हवं.

विलायतेत स्विंडनचा रेल्वे कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. तिथल्या जुन्या इमारतीत २००० मध्ये म्युझियम झालं. त्यात इंजिनांबरोबर कामगारांच्या जगण्यालाही जागा दिली. आपल्याकडं असं काही झालं तर? साहेबाचं टेबल, पितळी घड्याळ, काचेच्या पेटीत पाना. आणि पिण्याच्या पाण्याचा माठ कोणाचा कुठं होता, ते कोण लिहिणार?

तेव्हा विटा वाचवायचं रेल्वेवाले बघतील. आपण हजेरीबुकं, बिल्ले, बढतीचे आणि नाकारलेल्या बढतीचे अर्ज गोळा करू. परळ, माटुंगा, मनमाड इथले निवृत्त झालेले म्हातारे अजून भेटतात. पुढच्या रविवारी दोघादोघांनी निघा. मोबाईलवर बोलणं टेप करा. आधी हेच विचारा: बाबा, तुम्ही कोणत्या खात्यात लागलात, आणि कोणत्या खात्यातून निवृत्त झालात?